डावीकडची जागा

काल माझ्या घरामागे हळद होती. डीजे लागला होता. आमच्या कासा गावच्या गल्लीत भिंती हादरत होत्या, मांडणीवरचे डबे आपोआप वाजत होते आणि मी मशीनवर बसून ब्लाउजची बाही जोडत होते. मध्येच लक्षात आलं, माझा पाय डीजेच्या तालावर चालतच नाहीये. तो मास्तरांच्या ठेक्यावर चालला होता. मास्तर गेले, त्यांची राख समुद्रात सोडली, सगळं झालं, पण माझ्या पायाला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. मशीन थांबवली, पदर तोंडाला लावला आणि चांगलं रडून घेतलं. मग परत बाही जोडायला घेतली, कारण ब्लाउज नवरीच्या मावशीचा होता आणि तिला तो दुसऱ्या दिवशी लग्नाला घालायचा होता.

मास्तर म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे ड्रमवाले. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नाही, तरी अख्खा डहाणू तालुका त्यांना मास्तरच म्हणायचा. माणूस वरोरचा. घरचा धंदा मासेमारीचा आणि या महाशयांना बोट लागायची! खाडीच्या तोंडाशी बोट पोचली की यांचं पोट वर. बापाने दोनदा समुद्रावर नेलं, दोन्ही वेळा जाळ्याकडे बघायचं सोडून यांनाच धरून बसावं लागलं. शेवटी म्हातारा म्हणाला, ‘जा बाबा, तू जमिनीवरच काय ती बडवाबडवी कर.’ ती यांनी जन्मभर केली.

बोलणं कमी. पण बोटं गप्प नसायची. एसटीत पुढच्या सीटची पाठ, जेवायला बसले की स्टीलचं ताट, तेराव्याला गेले तर तिथला पाण्याचा पिंप. माणसाची ओळख ते त्याच्या चालण्याच्या ठेक्यावरून करायचे, मात्रा मोजून. कुणी नवा माणूस दारातून आला की माझ्या कानाशी म्हणायचे, ‘बाय, हा सातात चालतो, याच्याशी व्यवहार करू नको.’ आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले होते तेव्हा मास्तर ओट्यावर येऊन बसले. मुलगा आला, जिना उतरून गेला. मास्तर म्हणाले, ‘सरळ चारात आहे. कंटाळशील, पण फसणार नाहीस.’ त्याच माणसाशी माझं लग्न झालं. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. वाढवणच्या बंदराच्या विरोधात मोर्चे निघायचे, तेव्हा मास्तर पुढे जाऊन घोषणा देणाऱ्यांना थांबवायचे. ‘अरे, शेवटचा शब्द लवकर टाकताय. लोकांना दम लागतो.’ ते बिचारे चिडायचे, पण नंतर तसंच ओरडायचे.

आता तुंब्याचं सांगते, कारण मास्तर म्हटलं की माणसं आधी तेच विचारतात. तुंबा म्हणजे कमरेइतका उंच, हाताने वाजवायचा ढोल. दोन असतात, एक थोडा जाड आवाजाचा, एक बारीक. काही लोक काँगो म्हणतात. त्याच्या जोडीला बोंगो, म्हणजे मांडीत मावणारी छोटी जोडी. वाद्यं कुठल्या कुठे लांबच्या मुलखातली, नकाशात दाखवा म्हटलं तर आमच्यातल्या एकालाही दाखवता आलं नसतं. मास्तर मात्र ठाम होते. ‘समुद्रकाठच्याच माणसांनी केलंय हे,’ म्हणायचे. ‘चामडं खाऱ्या हवेत ढिलं पडतं, उन्हात ताणलं जातं. हे ज्याला माहीत, तो आपल्यातलाच.’

आमच्याकडे तुंबा आणि बोंगो वाजवायचा रमण. तलासरीकडच्या एका पाड्यावरचा. हडकुळा, हसरा, आणि हात असे की बघत राहावं. तो मास्तरांच्या डाव्या बाजूला बसायचा. मास्तरांचा ड्रमसेट मध्ये, डावीकडे रमण, पुढे मी माईक धरून. दोघं एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत, पण एकाने श्वास घेतला की दुसऱ्याला कळायचं. हळदीच्या गाण्यात कडवं संपतं आणि मुखडा परत यायचा असतो, त्याच्या आधी एक क्षण मोकळा असतो बघा. त्या मोकळ्या जागेत रमण उघड्या पंजाने तुंब्यावर एकच थाप टाकायचा. ती पडली की मी मुखडा उचलायचे. मला दुसरी कुठली खूण लागायचीच नाही.

मग डीजे आले. आमच्या सुपाऱ्या कमी झाल्या. रमणला बायको, दोन पोरं, म्हातारी आई. एके दिवशी तो सरावाला आला आणि म्हणाला, ‘मास्तर, एक सीझन बोटीवर जातो. वेरावळला. पाड्यावरची पाचसहा जणं चाललीयेत. पावसाळ्यात येतोच.’

मास्तर झांजेचा नट आवळत होते. मान वर न करता म्हणाले, ‘मला बोट लागते म्हणून मी गेलो नाही. तुला लागत नाही म्हणून जाऊ नकोस.’

रमण हसला आणि गेला. तुंबे आणि बोंगो मास्तरांच्या ओसरीवर ठेवून गेला. थंडीत बातमी आली की त्यांची बोट हद्दीपलीकडे गेली आणि सगळे खलाशी धरले गेले. पाकिस्तानात, जेलात. आमच्याकडे ही बातमी नवी नाही, कुठल्या ना कुठल्या पाड्यावर, गावात ती येतच असते. पाण्यात कुणी रेघ मारून ठेवलेली असते का? पण माणूस आपला असला की नवीच असते. कधी सुटणार, कुणालाही सांगता येईना. सुटणार का, हे कुणी विचारत नव्हतं.

आमचे मालक डहाणूचे. माणूस वाईट नव्हता. मराठीत बोलायला सुरुवात करायचे आणि चिडले की गुजरातीत संपवायचे. महिनाभर थांबले आणि म्हणाले, ‘मास्तर, मला पण वाईट वाटतंय. पण डावी बाजू रिकामी दिसते. बोईसरचा एक मुलगा आहे, चांगला वाजवतो, त्याला घेऊया.’

पुढच्या कार्यक्रमाला आम्ही पोचलो तर स्टेजवर हा प्रकार! ड्रमसेटला डाव्या अंगाने दोन्ही तुंबे लोखंडी स्टँडवर चिकटून उभे, त्यांच्यावर बोंगो नटाने आवळलेले, आणि मध्ये मास्तर. जाळ्यात अडकलेल्या खेकड्यासारखे दिसत होते.

‘हे काय?’ मालक म्हणाले.

‘जागा भरलीये,’ मास्तर म्हणाले. ‘दोन्ही मी वाजवतो. बोईसरच्या पोराला कुठे बसवाल?’

‘मास्तर, तमे गांडा थई गया के शुं?’ मालक कपाळाला हात लावून गुजरातीत गेले. म्हणजे वेड लागलं का तुम्हाला. लागलं होतंच.

स्टँड त्यांनी चारोटीच्या हायवेवर ट्रकची कामं करणाऱ्या वेल्डरकडून करून घेतला होता. त्याला वाटलं पाण्याच्या माठांसाठी आहे, त्याने खाली नळाला जागा सोडली. ती शेवटपर्यंत तशीच राहिली. मग मास्तरांना वाटलं, घंटापण हवी. या वाद्यांबरोबर एक लोखंडी घंटा असते, काठीने वाजवायची, ती विकत घ्यायची तर मुंबईला जावं लागलं असतं. हे गेले कासाच्या बाजारात, बैलांच्या गळ्यातल्या घंटा विकणाऱ्याकडे. मी बरोबर होते म्हणून सांगते. खाली उकिडवे बसून एकेक घंटा कानाशी धरून टिचक्या मारतायत, बाजूला ठेवतायत, परत उचलतायत. दुकानदार कंटाळला. ‘अहो, बैल केवढा आहे ते सांगा, मी देतो.’

‘बैल मीच,’ मास्तर म्हणाले, आणि आणखी एक उचलली.

वाजवायची तऱ्हा तर काय सांगावी! उजव्या हातात काठी, ती ड्रमवर आणि झांजेवर. डाव्या हातातली काठी दातात धरायची आणि मोकळ्या पंजाने तुंबा वाजवायचा. ठेका झाला की काठी परत दातातून हातात. त्यांच्या सगळ्या डाव्या काठ्यांवर दातांचे वण होते. पहिले काही कार्यक्रम लोक पोट धरून हसले. पोरं दातात ऊस धरून नक्कल करायची. पण हळूहळू त्यांचा हात असा बसला की मांडवाबाहेरच्या माणसाला वाटावं, आत दोघं वाजवतायत. मालकांनाही मग बरं वाटायला लागलं. एका माणसात दोघांचं काम होत होतं ना!

फक्त डावा खांदा गेला. हात सारखा लांब, आडवा टाकायचा म्हणजे दुसरं काय होणार. मी एकदा म्हटलं, ‘मास्तर, उजवीकडे ठेवा की तुंबे. फोटोत बघितलंय मी, सगळे उजवीकडेच ठेवतात. हात सहज पोचतो.’

‘रमण डावीकडे बसतो,’ मास्तर म्हणाले.

बसायचा नाही, बसतो. त्यांच्या तोंडून रमणबद्दल ‘होता’ मी कधी ऐकलं नाही.

घरी तुंबे वलांडीखाली असायचे. वलांडी म्हणजे बोंबील सुकवायचे बांबू. चामड्याला ऊन मिळावं म्हणून मास्तर ते तिथेच ठेवायचे, वरून बोंबील ठिबकतायत, खाली तुंबे उभे. काकी, म्हणजे त्यांची बायको, त्यांना सवती म्हणायची. ‘ये बाय, बस. माझ्या सवतींना जरा तिकडे सरकव.’ आणि त्या सवतींना असा काही वास लागला होता! एकदा डहाणूत एका पक्क्या शाकाहारी घरचं लग्न होतं. आम्ही मांडवात सामान लावलं आणि अर्ध्या तासात स्वयंपाक्यापासून नवरीच्या आजीपर्यंत सगळे नाकं वर करून फिरायला लागले. मासळी कुणी आणली? पडदे उचलून बघितले, खुर्च्यांखाली बघितलं. मालकांचं तोंड उतरलेलं. मास्तर शांतपणे नवरीच्या मामाला म्हणाले, ‘वरातीबरोबर आला वाटतं वास.’ त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाआधी ते तुंबे चिकूच्या पेट्यांच्या भुशात ठेवायला लागले. मग वास अर्धा बोंबलाचा आणि अर्धा चिकूचा यायचा. मला अजून कुठे चिकू फोडलेला दिसला की आधी तुंबा आठवतो, मग भूक लागते.

एक दिवाळी गेली, दुसरी गेली. दर दिवाळीला मास्तर सुकटीची पिशवी घेऊन रमणच्या घरी जायचे. त्याची बायको जानकी चिकूच्या वाडीत मजुरीला जायची. कधी रडताना दिसली नाही, कधी फार बोलली नाही. एकदा तलासरीलाच आमचा कार्यक्रम होता, तिच्या शेजारच्या पाड्यावर. ती मागे बायकांत उभी होती. कार्यक्रम संपला, आम्ही वायरी गुंडाळत होतो, तेव्हा ती पुढे आली.

‘मास्तर, तुम्ही त्याचंच वाजवता,’ ती म्हणाली. ‘पण तो असा नाही वाजवत.’

मी म्हटलं, झालं, आता मास्तरांना लागणार. ते स्टुलावरून उठून उभे राहिले. ‘मग कसा?’

‘तो आधी हात पुसतो. गुडघ्यावर. घरी डबा वाजवायचा तरी पुसतो.’

मास्तरांनी मान हलवली. ‘बरोबर. विसरलो होतो.’

पुढच्या कार्यक्रमापासून मास्तर काठी दातात धरल्यावर पंजा गुडघ्यावर पुसायचे आणि मगच तुंब्याला हात लावायचे. त्यात ठेका किंचित मागे पडायचा. आम्ही सगळे त्यांच्यासाठी तेवढं थांबायला शिकलो. माझ्या गाण्यात अजून ती थांबायची सवय आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना वाटतं, मी श्वास घेते.

मग उंबरगावकडचा एक खलाशी सुटून आल्याचं कळलं. तो त्याच जेलात होता. मास्तर मला घेऊन तडक निघाले, खचाखच भरलेल्या जीपमध्ये, एक पाय बाहेर. तो माणूस खाटेवर बसला होता, चहा पीत. म्हणाला, ‘रमण ना? तलासरीचा? आहे. बरा आहे. मण्यांच्या माळा करतो दिवसभर. आणि जेवणाची थाळी बडवतो म्हणून ओरडा खातो.’

मास्तर पुढे सरकले. ‘काय वाजवतो?’

‘मला काय ठाऊक? बडवतो.’

‘कसं ते दाखव ना.’ आणि तिथल्याच चुलीजवळची थाळी उचलून मास्तरांनी त्याच्या मांडीवर ठेवली. त्या माणसाने माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. बिचाऱ्याने आठवून आठवून चार बोटं आपटली, वेडीवाकडी. मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

‘ढिला झालाय,’ ते म्हणाले. ‘पण तोच आहे.’ आणि मग तिथेच, त्या परक्या घरात, गुडघ्यांत डोकं घालून रडले. मी त्यांना रडताना त्याआधी बघितलं नव्हतं. त्या घरातल्या बाईने त्यांना पाणी दिलं आणि मलाही दिलं, म्हणजे मीही रडत असणार.

रमण आला तो उन्हाळ्यात. सुटला, सीमेवरून आला, आधी पाड्यावर गेला, आईच्या फोटोला हार घातला. ती वाट बघून गेली होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरोरला एक हळद होती, दुपारची, आणि ती आमच्याकडे होती. जानकीच त्याला घेऊन आली. केस पांढरे, खांदे उतरलेले. मास्तरांनी त्याला मिठी मारली नाही, काही नाही. डावीकडे प्लास्टिकची खुर्ची ठेवली, तुंबे स्टँडवरून सोडवून तिच्यापुढे उभे केले आणि म्हणाले, ‘बस. उन्हात ठेवलेत सकाळपासून.’

गाणं सुरू झालं. मी पहिलं कडवं गायले. रमणने हात पुसले. आणि नेमक्या त्याच वेळी मास्तरांनी काठी दातात धरली, आपला पंजा गुडघ्यावर पुसला आणि तुंब्यावर टाकला. तो पडला रमणच्या बोटांवर. बायका हसल्या, आम्हीही हसलो. मास्तर जीभ चावून ‘चुकलं, चुकलं’ म्हणाले. दुसऱ्या कडव्याला परत तेच. मास्तर मुद्दाम करत नव्हते हो! त्यांचं लक्ष नसताना हात आपोआप तिकडे जात होता. इतकी वर्षं जागा धरून ठेवली, ती इतकी घट्ट धरली की ज्याच्यासाठी धरली त्यालाच आत शिरता येईना. तिसऱ्यांदा हातावर हात पडला तेव्हा कुणी हसलं नाही.

रमणने हात मांडीवर ठेवले. हळूच म्हणाला, ‘तुम्हीच वाजवा, मास्तर. माझा हात पण आता बसत नाही. जागा भरलीये.’

तो रागाने नाही म्हणाला. हसूनच म्हणाला, आणि उठायला लागला. मागे जानकी उभी होती, तिने फक्त पदराचं टोक मुठीत धरलं. मला वाटलं, संपलं. एवढं सगळं करून माणूस परत आला आणि आता आपल्याच मांडवातून उठून चालला.

मास्तरांनी वाजवणं थांबवलं. भर गाण्यात! आयुष्यात कधी केलं नव्हतं, वीज गेली तरी ते वाजवत राहायचे. त्यांनी दातातली काठी काढली आणि खाली टाकून दिली. मग डावा हात असा मागे घेतला, मांडीखाली घातला, आणि त्यावर बसले. अख्खं वजन टाकून बसले.

‘बस खाली,’ ते रमणला म्हणाले. ‘बाय, मागच्या कडव्यापासून घे.’

एकाच हाताने त्यांनी ठेका धरला. उजवी काठी आणि दोन पाय, बस. निम्मं निम्मं वाजत होतं, डाव्या बाजूला सगळं ओकंबोकं. मी कडवं गायले. कडवं संपलं, ती मोकळी जागा आली. रमण तिथे अर्धवट उभाच होता. मग तो बसला, गुडघ्यावर दोन्ही पंजे पुसले, आणि थाप पडली. जुनीच, उघड्या पंजाची, किंचित उशिरा.

मला मुखडा उचलायचा होता. तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. मास्तर मागून ओरडले, ‘अगो बाय, गा ना!’ माझ्याऐवजी हळदीच्या बायकांनीच मुखडा उचलला, वेड्यावाकड्या सुरात, आणि पुढच्या फेरीला मी त्यांच्यात शिरले.

हळद संपेपर्यंत मास्तर तसेच बसून होते. सगळी उठली तेव्हा त्यांना हात बाहेर काढता येईना, तो पार बधिर झाला होता. काकी आली, हळदीच्या वाटीतलं तेल घेऊन त्यांच्या बोटांना चोळायला लागली. ‘काय मेलं हे वेड, अहो! हात मोडून घेणार होतात का?’

मास्तर रमणकडे बघत होते. तो तुंब्याचे नट आवळत होता, स्वतःच्या हाताला बसतील असे.

‘राहू दे गो,’ ते म्हणाले. ‘आता काय काम आहे या हाताला.’